४९९ मध्ये 'लाइफटाइम' ऑफिस घेतलं, पाच महिन्यांत अकाउंटच गायब. अशा ऑफर ओळखायच्या कशा?

महालचा_डीटीपी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महालात माझं छोटं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बायोडेटा, प्रतिज्ञापत्रं, आणि सीझनमध्ये पोरापोरींचे थिसिस टाइप करून देतो. जूनमध्ये मोबाईलवर रील्स पाहता पाहता एक जाहिरात आली, 'ऑफिस ३६५ लाइफटाइम, ५ डिव्हाइस, १ टीबी क्लाउड, फक्त ४९९, आज रात्री १२ पर्यंत'. पेजला निळी टिक, ऐंशी हजार फॉलोअर, खाली शेकडो कमेंट 'थँक्यू भाऊ, वर्किंग'. क्यूआर पाठवला, पैसे टाकले, दहा मिनिटात व्हॉट्सॲपवर आयडी पासवर्ड आला, लॉगिन केलं, वर्ड एक्सेल सगळं सुरू. मी खूश. दोन दोस्तांनाही सांगितलं, त्यांनीही घेतलं (आता ते माझा फोन उचलून नाही राहिले).

शनिवारी सकाळी दुकान उघडलं तं स्क्रीनवर हे अकाउंट अस्तित्वातच नाही म्हणे. सगळं काम त्या क्लाउडमध्ये सेव्ह करत होतो. ४३ फायली. त्यात एका पोरीचा एमएचा थिसिस, येत्या सोमवारी सबमिशन. विकणाऱ्याचा नंबर बंद, पेज सापडत नाही.

पैशाचं मला काही वाटत नाही, ४९९ गेले तं गेले. पण मला हे सांगा, मी कुठे चुकलो? पैसे घेऊन पळाला असता तं समजलं असतं फसलो म्हणून, याने तं माल दिला आणि तो पाच महिने चालला. मग हे नकली ओळखायचं कसं?

---

बर्डी_रिपेअर | रात्री ११:०५

भाऊ सगळ्यात आधी एक काम करा, बाकी गप्पा नंतर. त्या कॉम्प्युटरचं नेट काढा, वायर काढा, वायफाय बंद. वनड्राइव्हमधून (तेच तुमचं क्लाउड) साइन आउट करू नका, अनलिंक करू नका, आणि कोणी फॉरमॅट मारतो म्हटलं तं त्याला हाकला. आता सी ड्राइव्हमध्ये यूझर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात जा, तिथे वनड्राइव्ह नावाचा फोल्डर असेल. फायलींसमोर हिरवी बरोबरची खूण असेल तं ती फाईल तुमच्या डिस्कवर आहे, पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. निळ्या ढगाचं चिन्ह असेल तं ते नुसतं नाव आहे, आत काही नाही.

आणि त्या फोल्डरच्या नावात वनड्राइव्हच्या पुढे काय लिहिलंय तेही पाहा, मग सांगतो तुम्ही काय विकत घेतलं होतं ते.

---

संत्राबर्फी | रात्री ११:११

'लाइफटाइम' म्हणजे कोणाची लाइफ ते विचारलं नव्हतं का 😄 सॉरी भाऊ, राहवलं नाही.

---

महालचा_डीटीपी | रात्री ११:५२

@बर्डी_रिपेअर ३१ हिरव्या, १२ ढग. थिसिस ढगात. फोल्डरच्या नावात बाहेरच्या देशातल्या कुठल्याशा शाळेचं नाव आहे. हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं, मला वाटलं असंच येत असेल.

---

बर्डी_रिपेअर | मंगळवार, सकाळी ९:२०

तेच म्हणत होतो. आता पाहा. मायक्रोसॉफ्ट ३६५ (जाहिरातीतलं ऑफिस ३६५ तेच) ही वर्गणी आहे, महिन्याची नाही तं वर्षाची, ती लाइफटाइम मिळतच नाही. एकदाच पैसे देऊन घ्यायचं ऑफिस वेगळं, ते २०२१, २०२४ अशा आकड्याच्या नावाने येतं, आणि त्यात आयडी दुसऱ्याचा नसतो, तुमच्या स्वतःच्या ईमेलला जोडलं जातं. म्हणजे '३६५' आणि 'लाइफटाइम' हे दोन शब्द एका जाहिरातीत दिसले की तिथेच बोट उचला, पुढचं वाचायची गरज नाही.

मग त्याने दिलं काय? शाळा-कॉलेज-कंपन्या आपल्या लोकांसाठी एकत्र अकाउंट घेतात, त्याचा एक ॲडमिन असतो, तो पाहिजे तेवढे यूझर बनवतो. असं एखादं अकाउंट हाती लागलं, चोरलेलं असो की खोटी शाळा दाखवून काढलेलं असो, की हा धंदा सुरू. आधी तं मायक्रोसॉफ्टच्या डेव्हलपर प्रोग्राममध्ये २५ यूझरचा संच टेस्टिंगला फुकट मिळायचा, ९० दिवसांनी रिन्यू व्हायचा, तोही लोकांनी विकला. २५ गुणिले ४९९ करून पाहा, १२,४७५ रुपये, फुकटच्या मालाचे. जानेवारी २०२४ पासून तो सरसकट सगळ्यांना देणं बंद झालं.

तुम्ही घर नाही घेतलं भाऊ, दुसऱ्याच्या घरात खोली घेतली, आणि चावी घरमालकाकडेही होती. ॲडमिनला पाहिजे तं तो पासवर्ड बदलून तुमच्या फायली उघडू शकतो, यूझर डिलीट करू शकतो. लोकांची प्रतिज्ञापत्रं होती ना त्यात? आधार नंबर वगैरे? मला त्याची जास्त धाकधूक वाटून राहिली.

---

महालचा_डीटीपी | सकाळी ९:३८

अरे बापरे. हे डोक्यातच नव्हतं आलं.

---

हिंगणा_एमआयडीसी | सकाळी १०:१५

थोडं उलट बोलतो, रागावू नका. मी ३ वर्षांपूर्वी ऑनलाइन ७०० ची विंडोज प्रोची की (ॲक्टिव्हेट करायचा कोड) घेतली, आजपर्यंत चालू आहे, अपडेटही येतात. सगळ्या स्वस्त की नकली असतात हे मला पटत नाही. युरोपात तं २०१२ मध्ये तिथल्या कोर्टाने वापरलेलं सॉफ्टवेअर लायसन्स पुन्हा विकता येतं असा निकाल दिलाय. जुन्या कंपन्यांचे कॉम्प्युटर भंगारात जातात, त्याच्या की बाजारात येतात. त्यात चोरी काय?

---

रामदासपेठ_सीए | सकाळी ११:०२

@हिंगणा_एमआयडीसी निकाल खरा आहे, पण तो पूर्ण वाचा. पहिल्या मालकाने आपल्याकडची कॉपी वापरणं बंद केलं पाहिजे अशी अट त्यात आहे, आणि ५० जणांच्या घाऊक लायसन्समधून १० सुटे काढून विकता येणार नाही हेही आहे. शिवाय तो निकाल युरोपियन युनियनचा, तुमची फॅक्टरी हिंगण्यात. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. 'जाणूनबुजून' हा शब्द महत्त्वाचा आहे मान्य, पण ७०० रुपयात प्रो घेणाऱ्याने 'मला माहीत नव्हतं' म्हणणं जरा कठीणच. घरी वापरत असाल तर तुमचं तुम्ही पाहा, कंपनीत असेल तर बदला.

---

बर्डी_रिपेअर | सकाळी ११:३०

@हिंगणा_एमआयडीसी तपासून घ्या ना, अर्धा मिनिट लागतो. विंडोजचं बटण आणि आर दाबा, खिडकीत एसएलएमजीआर लिहा, एक जागा सोडून स्लॅश डीएलआय, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरात. एक डबी येईल. त्यात रिटेल, ओईएम की व्हॉल्यूम ते लिहिलेलं असतं. रिटेल म्हणजे दुकानातला माल. ओईएम म्हणजे लॅपटॉप कंपनीने मशीनसोबत दिलेला, तो त्या मशीनपुरता. व्हॉल्यूम असेल आणि तुम्ही एकटेच असाल, तं ती कोण्या कंपनीची घाऊक की आहे. त्यातही एमएके लिहिलं असेल तं तिला मोजके ॲक्टिव्हेशन असतात, संपले की पुढच्याला मिळत नाही. केएमएस असेल तं १८० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात कंपनीच्या सर्व्हरशी पुन्हा बोलणं झालं पाहिजे. बर्डीवर माझ्याकडे 'सहा महिन्यांनी ॲक्टिव्हेशन गेलं' म्हणून येणारे निम्मे याच जातीचे.

आणि आता खरी गंमत. विंडोज ८ पासून ब्रँडेड लॅपटॉपच्या बोर्डातच की भरलेली असते. फॉरमॅट केलं, तेच एडिशन टाकलं, नेट लावलं की आपोआप ॲक्टिव्हेट. होतं काय, मशीनमध्ये की होमची आणि कोण्यातरी हुशार पोट्ट्याने प्रो टाकून दिलं, मग ॲक्टिव्हेट होत नाही, मग रील पाहून ५९९ ची की. अरे तुझ्या लॅपटॉपात आधीच पैसे भरलेली होती ना बाबा!

---

कूलरचं_पाणी | दुपारी १२:४४

विंडोज ११ वाल्या जाहिराती पाहिल्या का कोणी? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून नुसता पाऊस पडून राहिला. 'तुमचा कॉम्प्युटर बंद पडणार, आजच अपग्रेड लायसन्स घ्या ७९९'. माझ्या काकांनी घेतलं. नंतर कळलं की ओरिजिनल १० असेल आणि मशीन ११ च्या अटींत बसत असेल तं ११ फुकटच मिळतं, सेटिंगमधल्या अपडेटमधून. आणि मशीन बसत नसेल तं की घेऊन काय लोणचं घालायचं?

---

व्हीएनआयटीचं_पोट्टं | दुपारी १:२०

पेज तपासायचं मी सांगतो, होस्टेलमध्ये हा धंदा रोज पाहतो. निळी टिक म्हणजे काही नाही, जून २०२३ पासून आपल्याकडे ती महिन्याचे पैसे भरून मिळते, माणूस तोच आहे एवढंच ती सांगते, माल खरा आहे असं नाही. फेसबुकवर पेजच्या माहितीत पेज ट्रान्सपरन्सी म्हणून असतं, तिथे पेज कधी बनलं, आधी नाव काय होतं, चालवणारे कोण्या देशात आहेत हे दिसतं. मी एक पाहिलं ते आधी भजनाचं पेज होतं, मग साड्यांचं, मग 'सॉफ्टवेअर हब'. फॉलोअर भजनाचे, म्हणूनच लाखभर! फॉलोअर ऐंशी हजार आणि पोस्टला लाइक बारा, हे गणित पाहा. आणि कमेंट नवीन आधी अशा लावा, वरच्या 'वर्किंग भाऊ' वाल्या खाली जातात, रडणारे वर येतात. तीही सोय बंद केलेली असेल तं निघा तिथून.

आम्हाला तं कॉलेजच्या ईमेलवर बऱ्याच गोष्टी फुकट मिळतात, ऑटोडेस्कचं पण शिकायला वर्षभराचं मिळतं आणि पुढे रिन्यू होतं. तरी पोट्टे ३०० रुपये देऊन तेच घेतात, फॉर्म भरायचा कंटाळा म्हणून.

---

महालचा_डीटीपी | दुपारी १:५५

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव भलतंच आलं होतं हे आता आठवलं. पेजचं नाव 'सोल्युशन्स' काहीतरी आणि यूपीआयवर कोण्या माणसाचं नाव. विचारलं तं म्हणे 'अकाउंटंटचं आहे सर'. मी मानलं.

---

रामदासपेठ_सीए | दुपारी २:३०

तेच तर ठिकाण आहे थांबायचं. पैसे जाण्याआधी यूपीआय बँकेतलं नाव दाखवतं, लोक पिन टाकायच्या घाईत ते वाचतच नाहीत. ते खातं बहुतेक वेळा भाड्याने घेतलेलं असतं, ज्याचं नाव असतं त्या बिचाऱ्याला दोन-तीन हजार मिळालेले असतात आणि पुढे पोलीस त्याच्याच दारात.

बिल मागा. बिल देतो म्हणाला तर जीएसटी नंबर पाहा. १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, पुढची दहा अक्षरं पॅन. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून शोधता येतं, नाव, नोंदणी कधीची, चालू की रद्द, सगळं येतं. माझ्या एका क्लायंटला छान रंगीत टॅक्स इनव्हॉइस आलं होतं, नंबर खरा, चालू. फक्त तो निघाला इतवारीतल्या एका धान्याच्या होलसेलरचा! क्लायंटने त्यावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं होतं, पोर्टलवरच्या टूबी यादीत ते आलंच नाही तेव्हा मी शोधायला गेले.

याच क्लायंटची टॅलीची (हिशोबाच्या सॉफ्टवेअरची) गोष्ट. रीलवरून साडेतीन हजारात 'टॅली प्राइम ओरिजिनल'. समोरच्याने एनीडेस्कवरून (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) येऊन इन्स्टॉल करून दिलं, कंपनी उघडून दाखवली, सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी अकाउंटंट म्हणतो मॅडम तारीखच घेत नाही, १ घेते, २ घेते, एकदम ३१ घेते. मी कपाळाला हात लावला. तो एज्युकेशनल मोड आहे, शिकणाऱ्यांसाठी कंपनी फुकट देते, त्यात महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटचीच तारीख चालते. फुकटची वस्तू साडेतीन हजारात. आणि एनीडेस्कवरून तो बाकी काय पाहून गेला ते वेगळंच.

---

संत्राबर्फी | दुपारी २:४१

महिन्यात तीनच दिवस काम करायचं, अशी नोकरी मले पाहिजे

---

लकी_रिकव्हरी_एक्सपर्ट | दुपारी ३:१०

[ही प्रतिक्रिया काढून टाकली आहे. संपादक]

---

धागा_संपादक | दुपारी ३:१६

वरच्या आयडीने 'माझे गेलेले पैसे एका सरांनी परत मिळवून दिले, त्यांचा नंबर घ्या' असं लिहिलं होतं. आयडी आजच उघडलेला. फसलेल्या लोकांच्या धाग्यावर हे हमखास येतात, तुम्हाला खासगी मेसेज आला असेल तर उत्तर देऊ नका.

---

मनीषनगर_आई | दुपारी ४:०५

हे अगदी बरोबर केलंत. माझ्या भावासोबत हेच झालं. अँटिव्हायरस रिन्यूअलचे ८०० गेले, त्यानं चिडून पेजवर कमेंट टाकली, तासाभरात 'कस्टमर केअर'चा फोन, रिफंड देतो म्हणे, ही फाईल डाउनलोड करा, मग क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागतच नाही हे त्याला माहीत होतं हो, दुसऱ्यांना सांगायचा तो! पण ८०० चा राग एवढा की त्या भरात ४६ हजार गेले. आमच्या वहिनी अजून बोलतात त्याला.

---

गोकुळपेठ_बुटीक | संध्याकाळी ६:२२

मी दुसऱ्या बाजूने सांगते, माझ्याच अकाउंटवरून या जाहिराती झाल्या आहेत. बिल बनवायला फोटोशॉप (हो, बिलासाठी फोटोशॉप, हसू नका) लाइफटाइम घेतलं होतं टेलिग्रामवरून. त्याने सांगितलं आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर इन्स्टॉल होत नाही. केलं. दोन दिवसांनी बुटीकचं पेज माझ्या हातातून गेलं, ओटीपी वगैरे काही आलाच नाही, आणि माझ्या फोटोसकट, माझ्या नावाने 'विंडोज ऑफिस ७०% ऑफ' सुरू. माझ्या दोन कस्टमरने 'ताईंकडून आहे म्हणजे खरंच असेल' म्हणून पैसे भरले. त्यांना मी परत दिले खिशातून.

---

बर्डी_रिपेअर | संध्याकाळी ७:००

ताई तुमची पोस्ट या धाग्यात सगळ्यात कामाची आहे. ओटीपी काऊन नाही आला, तं ब्राउझरमध्ये तुम्ही आधीच लॉगिन असता, तो लॉगिनचा ठसाच चोरून नेतात, सोबत सेव्ह केलेले पासवर्ड. म्हणून अशी फाईल चालवली असेल तं पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट करा, मग ती मशीन पूर्ण फॉरमॅट.

अँटिव्हायरस बंद करायला सांगणं, किंवा काळी खिडकी उघडून त्यात ही ओळ चिपकवा म्हणणं, हे दोन शब्द कानावर पडले की फोन ठेवा. फोटोशॉपचं म्हणाल तं ॲडोबीने २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर नेल्या, 'लाइफटाइम क्रिएटिव्ह क्लाउड' असं काही विकायलाच नाही.

---

हिंगणा_एमआयडीसी | रात्री ८:४८

डबी पाहिली. व्हॉल्यूम, एमएके. ऑफिसमधल्या चारही मशीनवर तेच. बोलत नाही काही आता.

---

कूलरचं_पाणी | रात्री ८:५५

😶

---

रामदासपेठ_सीए | रात्री ९:३०

@महालचा_डीटीपी तक्रार केली का? १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर नोंदवा. पाच महिने झाले, पैसे थांबवता येतील असं वाटत नाही, तिथे पहिल्या काही तासांचाच खेळ असतो. आणि बँकेकडून भरपाईची फार आशा ठेवू नका, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी होतं, तुम्ही तर स्वतः पिन टाकला. पण यूपीआयचा १२ आकडी रेफरन्स नंबर, चॅट, त्या यूपीआय आयडीचा स्क्रीनशॉट हे सगळं जोडा. या ठगांचा सगळा हिशोब यावरच चालतो की ४९९ साठी कोण जातं ठाण्यात.

प्रतिज्ञापत्रं ज्यांची होती त्यांनाही फोन करून सांगा. अवघड आहे, पण सांगा.

---

महालचा_डीटीपी | बुधवार, रात्री ११:१५

तक्रार टाकली ऑनलाइन. नऊ जणांना फोन केले. सात जण 'ठीक आहे भाऊ' म्हणाले, एक आजोबा दुकानात येऊन अर्धा तास बोलले, एकाने उचलला नाही.

थिसिसचं सांगतो. त्या पोरीजवळ गाईडने लाल पेनाने तपासलेली प्रिंट होती, १४० पानं, मीच काढून दिलेली ऑगस्टमध्ये. त्यावरून पुन्हा टाइप करून राहिलो, पैसे घेणार नाही म्हटलं. लिब्रेऑफिस टाकलंय, फुकट आहे आणि कोणाच्या बापाचं अकाउंट लागत नाही. जुन्या वर्डच्या फायली उघडतात, टेबल थोडे हलतात, ते नीट करून घेतले. दर तासाला पेन ड्राइव्हवर कॉपी. आता प्रकरण तीन सुरू आहे.

---

व्हीएनआयटीचं_पोट्टं | रात्री ११:२९

भाऊ कृतिदेवमध्ये टाइप करून राहिले की युनिकोडमध्ये?

---

महालचा_डीटीपी | रात्री ११:३३

कृतिदेव, तोच जुना फॉन्ट. पंचवीस वर्षांची बोटं आहेत, आता कुठं बदलू.

---

व्हीएनआयटीचं_पोट्टं | रात्री ११:३५

प्रकरण चार-पाच पाठवा मला, फोटो काढून. रूममेट पण बसतो. आम्ही युनिकोडमध्ये मारतो, तुम्ही कन्व्हर्ट करून घ्या. शुक्रवारपर्यंत होते.

---

महालचा_डीटीपी | रात्री ११:४१

पाठवतो. तळटिपा सोडू नका, गाईड खडूस आहे म्हणते.